फोनला शिस्त लावायची एक दुपार

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. नोकरीला लागले तेव्हा साताऱ्याहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरने जोडून द्यायचा परगावचा कॉल, बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यात आधी लागणारा लाइटनिंग, असे तीन दर. लाइटनिंगचा दर ऐकला की माणूस निमूट ऑर्डिनरीवर यायचा आणि मग तासातासाने विचारायचा, "बाई, लागला का हो?" त्यातच पीपी कॉल असायचा. अमुकच माणूस पलीकडे आला तर बोलणार, घरातल्या दुसऱ्या कोणाशी नाही. कोणाचा कॉल आत्ता जोडायचा, कोणाला थांबवायचं आणि कोणाला "पार्टी जागेवर नाही" म्हणून सांगायचं, हेच आमचं काम.

२०२० च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून गल्लीतल्या, भिशीतल्या, माहेरच्या बायका आपापले फोन घेऊन माझ्याकडे येतात. "तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना", एवढ्या भांडवलावर. तक्रार बहुधा एकच असते, फोन जीव खातो. मग ठेवून जा की इथेच, म्हटलं तर ठेवत नाहीत. कारण नाशिकची नात संध्याकाळी त्याच फोनवर दिसते, गुडघ्याचे व्यायाम त्याच्यावर आहेत आणि मंडईत सुट्टे नसले तरी आता अडत नाही.

ऑपरेटर गेली आणि तिच्या खुर्चीत पुन्हा कोणी बसलंच नाही. त्यामुळे जो येईल तो थेट जोडला जातो. नात, बँक, सोसायटीचा ग्रुप आणि कर्ज हवं का विचारणारी मुलगी, सगळ्यांची घंटा एकसारखीच वाजते. त्या खुर्चीत आता तुम्ही बसायचं. एका दुपारचं काम आहे. ते मी बायकांना जसं करून देते, तसंच इथे सांगते.

बसण्याआधी

चार्जर, जवळचा चष्मा, पेन आणि एक वही घ्या. मी अँड्रॉइड फोन धरून लिहिते आहे, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक तेच असतात. सेटिंग्जमधली नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंग्ज उघडल्यावर वरच भिंगाचं चित्र असतं, तिथे तो शब्द टाका. शोधत बसू नका.

मुलगा, सून किंवा भाचा मदतीला बसणार असेल तर एक अट घाला. फोन ज्याचा त्याच्याच हातात राहील. मुलं "आण इकडे" म्हणून फोन ओढून घेतात, भराभर बोटं फिरवतात आणि "झालं" म्हणून परत देतात. काम होतं, पण पुढच्या महिन्यात अपडेट येऊन बटणं इकडची तिकडे झाली की पुन्हा त्यांचीच वाट बघत बसावं लागतं. मदतनीसाने तोंडाने सांगावं, बोट जिचा फोन तिने लावावं. वेळ लागेल. लागू दे.

पहिल्यांदा अक्षरं मोठी करा. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात. दोन्ही वाढवा, पण डिस्प्ले साइझ अगदी टोकाला नेलात तर काही ॲपमधलं 'ओके'चं बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि सापडत नाही. एक घर अलीकडे थांबा.

फोनची भाषा मराठी करावी का, असं पुष्कळजणी विचारतात. माझं उत्तर जरा वेगळं आहे. मेन्यू त्या भाषेत ठेवा ज्या भाषेत तुमचा मदतनीस फोनवरून तुम्हाला सांगणार आहे. तो तिकडून "प्रायव्हसीवर जा" म्हणतो आणि तुमच्यासमोर "गोपनीयता" लिहिलेलं असतं, मग दोघंही वैतागतात. कीबोर्ड मात्र मराठी हवाच. जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड, त्याच्या सेटिंग्जमध्ये लँग्वेजेसमध्ये जाऊन मराठी जोडा. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचं चित्र दाबा आणि बोला. २०१७ पासून त्याला मराठी कळतं आणि आता बरंच चांगलं कळतं. माझी जाऊ कोकणातल्या बहिणीला पाककृती बोलून पाठवते. पाठवण्यापूर्वी एकदा वाचावं एवढंच, कारण तिच्या एका निरोपात वरणाचं "वर्णन" झालं होतं आणि बहीण वर्णन कसलं म्हणून विचारत राहिली.

आता कॉल

इथे जास्तीत जास्त वेळ द्या. बाकी सगळं यापुढे सोपं आहे.

आधी आपली लाइटनिंगची यादी करा. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन ज्यांचा फोन रात्री दोन वाजता आला तरी घ्यायचा आहे, अशा माणसांच्या नावापुढे चांदणी लावा. मुलं, भावंडं, शेजारचं एक घर, डॉक्टर. यादी लहान असू द्या. एकीने नाराजी नको म्हणून अख्ख्या भिशीला चांदण्या लावल्या, तिच्याकडे पुन्हा पहिल्यासारखीच गर्दी झाली.

मग सेटिंग्जमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' शोधा. त्यात 'पीपल' किंवा 'कॉल्स'मध्ये फक्त 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स' ठेवा. 'शेड्यूल'मध्ये वेळ घाला, रात्री दहा ते सकाळी सहा. आणि दुपारी जेवणानंतरची वेळ विसरू नका. कर्जवाल्या मुली नेमक्या वामकुक्षीच्या वेळी फोन करतात. त्याच पानावर 'रिपीट कॉलर्स' असं एक बटण असतं, ते चालू करा. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो, चांदणी असो वा नसो. घरच्यांना सांगून ठेवा की खरंच अडचण असेल तर लागोपाठ दोनदा करा. या एका बटणामुळे फोन गप्प ठेवायची भीती जाते. माझ्याकडच्या बायकांना रात्री फोन बंद करायचा नसतो तो याच धास्तीने, कोणाला काही झालं तर?

अनोळखी नंबर सरसकट बंद करायची सोयही असते. ती वापरू नका, असं माझं मत. गॅस सिलिंडरवाला, कुरिअरचा मुलगा, पॅथॉलॉजी लॅब, एसटी स्टँडवर उतरून दुसऱ्याच्या फोनवरून कॉल करणारा पुतण्या, हे सगळे अनोळखी नंबरच असतात. व्हॉट्सॲपवरचे अनोळखी कॉल मात्र बंदच करा. व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स, 'सायलेन्स अननोन कॉलर्स'. गॅसवाला काही व्हॉट्सॲप कॉल करत नाही. परदेशी कोड दाखवणारा, नोकरी देतो म्हणणारा आणि पोलिसाचा गणवेश घालून बसलेला, हे तिघे त्याच वाटेने येतात.

जाहिरातींच्या कॉलसाठी १९०९ हा नंबर आहे, सगळ्या कंपन्यांना एकच. त्यावर फोन करून किंवा ट्राय या टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या डीएनडी ॲपवरून सगळ्या जाहिराती नको असं नोंदवता येतं. त्यानंतरही कोणी केला तर सात दिवसांच्या आत तिथेच तक्रार करायची. सगळे थांबतील अशी आशा धरू नका. दुकानात बिल करताना आपण नंबर देतो, ॲप उघडताना कशालाही 'ॲग्री' म्हणतो, त्या परवानगीवर येणारे येतच राहतात. चोर तर कोणाच्या यादीत नाव बघून फोन करत नाही. पण फरक पडतो.

दोन आकडे वहीत लिहा. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरात. १६०० ने सुरू होणारा म्हणजे बँक, विमा वगैरेंच्या कामाचा, त्यांच्यासाठी राखून ठेवलेला. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला की माझ्या कपाळाला आठी पडते. मेसेजचंही तसंच आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर दिसतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पी दिसला की न वाचता उडवा.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून फिरतं ती सांगते. आपण फोन करतो आणि पलीकडे मशीन बोलतं. मराठीसाठी अमुक दाबा, मग तमुक दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पाच मिनिटं पेटी वाजते. आमच्या वेळी बोर्डावरचा दिवा लागला आणि उत्तर द्यायला उशीर झाला तर सुपरवायझर पाठीमागे येऊन उभी राहायची! यावर उपाय थोडेच आहेत. फोन स्पीकरवर टाका आणि भाजी निवडायला घ्या. मशीन विचारतंय आणि काहीच लागू पडत नसेल तर काही न दाबता थांबून बघा, काही ठिकाणी शेवटी माणूस येतो. तो आला की आधी त्याचं नाव आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्या. आणि कंपनीचा नंबर गूगलवर शोधून कधीही लावू नका. कार्डाच्या मागे, बिलावर किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच लावा. शोधल्यावर वर येणारे 'कस्टमर केअर' नंबर कित्येकदा भामट्यांनी टाकलेले असतात.

व्हॉट्सॲप

शुभ सकाळ. फुलाचा फोटो, त्यावर दव, त्याखाली सुविचार. माझ्याविषयी गैरसमज नको. ज्या बाईला दिवसभर बोलायला कोणी नाही, तिचं रोजचं फूल आलं म्हणजे ती बरी आहे हे मला कळतं. आमच्या जुन्या एक्स्चेंजमधल्या दोघीजणींची खुशाली मला तशीच समजते. पण ही फुलं फोनमध्ये साठत जातात आणि एक दिवस नातवाचा फोटो काढायला जागा उरत नाही.

म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, 'मीडिया ऑटो डाउनलोड'. तिथल्या तिन्ही ठिकाणच्या खुणा काढून टाका. आता फोटो धूसर दिसेल आणि बोट लावलं तरच उतरेल. त्याच ठिकाणी 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथे सगळ्यात मोठे व्हिडिओ वर येतात, पुसायला तिथूनच सुरुवात करा. एका वेळी सगळं पुसायच्या नादात घरातलं एखादं रेकॉर्डिंग जातं, तेव्हा बघून पुसा.

ग्रुपमध्ये विचारल्याशिवाय कोणीही घालू नये यासाठी प्रायव्हसीत 'ग्रुप्स' आहे, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. शेअर बाजारातून दुप्पट पैसे करून देणारे ग्रुप इथेच अडतात. नको असलेला ग्रुप 'म्यूट' करायचा, 'ऑलवेज' निवडायचं आणि मग 'आर्काइव्ह'मध्ये टाकायचा. तो दिसतही नाही आणि कोणाला कळतही नाही. ग्रुप सोडायचाच असेल तर २०२२ पासून फक्त ॲडमिनला सूचना जाते, सगळ्यांना जात नाही. अर्थात सासरच्या ग्रुपच्या ॲडमिन वन्संच असतात, त्यामुळे व्हायचं ते होतंच. शिवाय कोण सोडून गेलं हे इतरांनाही साठ दिवस शोधून बघता येतं. सासरचा ग्रुप म्यूटच करावा.

निरोपावर दोन बाण आणि 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं दिसलं तर तो निरोप हातोहात फिरून आलेला आहे. तसला निरोप एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. मी तोही पाठवत नाही. शेवग्याच्या पाल्याने मधुमेह बरा होतो हे मला वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बायकांनी कळवलं आहे. त्यातली एकही गोळ्या बंद करून बसलेली नाही, हे नशीब.

अजून एक करा आणि ते टाळू नका. सेटिंग्ज, अकाउंट, 'टू स्टेप व्हेरिफिकेशन', तिथे सहा आकडी पिन. तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याने आपल्या फोनवर सुरू करायचा प्रयत्न केला तर हा पिन आडवा येतो. आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन बघा, तुम्हाला माहीत नसलेला एखादा कॉम्प्युटर जोडलेला असेल तर 'लॉग आउट' करा.

पैसे

मी यूपीआयच्या बाजूची आहे. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवणारे दुकानदार आठवतात ना? ते गेलं. मंडईतल्या भाजीवालीचा डबा "बारा रुपये प्राप्त झाले" म्हणतो, ती मान हलवते, मी निघते. एसटीतही कंडक्टरशी सुट्ट्यांवरून होणारी वादावादी कमी झाली आहे. पण पुढची मांडणी केल्याशिवाय यूपीआय वापरू नका.

पेन्शन किंवा ठेवीचं व्याज ज्या खात्यात येतं ते खातं यूपीआयला जोडायचंच नाही. दुसरं एक बचत खातं ठेवायचं, त्यात महिन्याच्या किरकोळ खर्चाएवढे पैसे टाकायचे आणि तेच जोडायचं. गेले तर तेवढेच जातील. भाजी-दुधासाठी 'यूपीआय लाइट' आहे. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता देता येतात. पिन नाही म्हणजे फोन उघडा सापडला तर ते पैसे कोणाचेही, म्हणून मी त्यात पाचशेच्या वर ठेवत नाही. ज्यांना बँकेचं काहीच नको वाटतं त्यांच्यासाठी 'यूपीआय सर्कल' आहे. मुलगा आपल्या खात्यातून आईला खर्चाची मुभा देऊ शकतो, दरमहा जास्तीत जास्त १५,००० रुपये, आणि प्रत्येक खर्च त्याला दिसतो. हे दिसणं सगळ्या आयांना रुचत नाही. मलाही रुचलं नसतं.

पिन टाकायचा तो पैसे देताना. खात्यात पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुठल्या लिंकवर जावं लागत नाही. जुना सोफा विकायला काढला आणि घेणारा म्हणाला, "काकू, पैसे पाठवतो, तुम्ही फक्त पिन टाका", तर सोफा घरीच राहू द्या.

लग्नाच्या हंगामात व्हॉट्सॲपवर पत्रिका म्हणून एक फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं आणि उघडून बसवलं की तुमचे मेसेज, त्यातले ओटीपी, दुसरीकडे वाचले जाऊ शकतात. वाहनाच्या दंडाची पावती म्हणूनही अशीच फाइल फिरते. यासाठी सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, सगळ्यांपुढे 'नॉट अलाउड' आहे ना, ते बघा. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. किंवा अक्षत घेऊन कोणी घरी येतं.

डिजिटल अटक नावाचं काही कायद्यात नाही. पोलिस, सीबीआय, कोर्ट कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, खोलीत कोंडून बसायला सांगत नाही आणि तपासासाठी पैसे 'सुरक्षित खात्यात' टाकायला लावत नाही. पंतप्रधानांनीही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. तरी शिकलेली माणसं फसतात, कारण पलीकडचा माणूस फोन ठेवूच देत नाही. म्हणून मी बायकांकडून प्रत्यक्ष सराव करून घेते. मी पोलिसाच्या आवाजात दरडावते आणि त्यांनी माझं वाक्य अर्ध्यावर असताना फोन कापायचा. सुरुवातीला कोणालाच जमत नाही, मोठ्या माणसाचं बोलणं तोडायची सवय नसते ना. दोनतीनदा केलं की हसत हसत कापतात.

आमच्या टेलिफोन खात्यातल्यांना पटकन कळणारी भामट्यांची एक युक्ती इतरांना माहीत नसते. कोणी कुरिअरवाला म्हणून सांगितलं की स्टार, चारशे एक, स्टार आणि हा नंबर लावा, किंवा स्टार, एकवीस, स्टार लावा, तर लावू नका. ती कॉल फॉरवर्डिंगची आज्ञा आहे. तुमचे कॉल, आणि कॉलवर सांगितले जाणारे ओटीपी, त्याच्याकडे जायला लागतात. चुकून लावलाच असेल तर हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश असा डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन. त्यांनी तिकडच्या बँकेला कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून आधी मुलाला सांगू की नको, ह्यांना काय वाटेल, यात तास घालवू नका. ओरडा नंतर खा.

फोनकडून काम करून घ्या

आतापर्यंत आपण नुसत्या कड्या लावल्या. आता चहा ठेवा. कारण पुढचं मला सांगायला जास्त आवडतं.

हयातीचा दाखला. पूर्वी नोव्हेंबरात बँकेत रांग असायची, खुर्च्या दोनच. नंतर अंगठ्याचं मशीन आलं, तर आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांच्या रेषाच उठेनात. आता चेहऱ्यावर काम होतं. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायची. आधी हे काम करून देणाऱ्याची, म्हणजे मुलाची किंवा तुमची, नोंद होते. मग पेन्शनरचा आधार, पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि खातं भरायचं. शेवटी कॅमेरा समोर येतो. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीला उजेड नको, चष्मा काढा आणि सांगेल तेव्हा पापणी मिटा. मेसेजवर दाखल्याचा क्रमांक येतो, तो वहीत लिहा. इथे बहुतेकजण थांबतात, पण क्रमांक आला म्हणजे बँकेने किंवा कोषागाराने दाखला स्वीकारला असं नाही. आठवड्याने जीवन प्रमाणच्या साइटवर किंवा बँकेत विचारून खात्री करा. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या पेन्शनरना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टाळा. तुमचं पेन्शन दुसरीकडचं असेल तर चेहऱ्याचा दाखला चालतो का, ते आधी विचारा.

माझ्या थोरल्या दिरांना ऐकू येत नाही. यंत्र कानात घातलं की शिट्टी वाजते म्हणून ते घालत नाहीत, आणि घरात सगळे त्यांच्याशी एकेका शब्दात बोलायला लागले होते. जेवा. औषध. झोपा. त्यांच्या फोनवर मी 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' बसवलं आणि भाषा मराठी केली. फोन टेबलावर ठेवायचा, आपण बोलायचं, अक्षरं स्क्रीनवर उमटतात. दोनतीन माणसं एकदम बोलली तर गोंधळ होतो, माणदेशी उच्चारांची तर पार वाट लागते. पण पहिल्याच दिवशी भाऊजींनी पुतण्याशी कारखान्याच्या राजकारणावर तासभर वाद घातला. घरातले म्हणाले, हे काय बसवून ठेवलंत!

औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला कॅमेरा लावून दोन बोटांनी मोठं करा, याला ॲपसुद्धा लागत नाही. इंग्रजी पत्रक असेल तर गूगल लेन्सने मराठीत वाचता येतं. अर्थ लागेल एवढं नक्की, मात्र डोस त्यावरून ठरवू नका. रेडिओ ऐकायचा असेल तर 'न्यूज ऑन एअर'वर आकाशवाणीची केंद्रं आहेत. खरखर नाही, एरियल धरून उभं राहायला नको. आणि यूट्यूबवर कीर्तन लावून झोपणाऱ्यांनी 'ऑटोप्ले' बंद करावं. नाहीतर पहाटे जाग येते तेव्हा कीर्तनाच्या जागी भलताच कोणीतरी ओरडत असतो.

फोन हरवला तर

हे वाचायचा आज कंटाळा येईल, तरी वहीचं पान आजच भरा.

स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन. दोन्ही लिहा. फोन गेला की आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करवायचं, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवायचं, मग पोलिसांत तक्रार. नवं सिम मिळालं की 'संचार साथी' या सरकारी साइटवर हा आयएमईआय आणि तक्रारीची प्रत देऊन फोन देशभरात बंद करता येतो. त्याच साइटवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. एकदा बघाच. एका काकूंच्या नावावर त्यांनी कधी पाहिलंही नाही असं एक सिम निघालं, ते तिथूनच "माझं नाही" म्हणून कळवता आलं.

पानावर आणखी काय लिहायचं? १९३०, १९०९ आणि तातडीच्या मदतीचा ११२. बँकेचा पासबुकावरचा नंबर. मुलाचा आणि शेजारचा नंबर, कारण आता कोणाला कोणाचा पाठ नसतो. मला साताऱ्यातले जुने तीन आकडी नंबर अजून पाठ आहेत आणि भाच्याचा मोबाइल पाठ नाही. हे पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पिन आणि पासवर्ड त्यावर लिहायचे नाहीत, फोनच्या कव्हरमध्ये तर नाहीच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या भिशीतल्या एका बाईंच्या कव्हरमध्ये घडी घातलेली चिठ्ठी सापडली, तीवर यूपीआयचा पिन होता आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, "हा कोणालाही सांगू नये".